पडद्याअलीकडचे डॉक्टर

काटोलच्या डॉक्टर चंद्रभान गावंड्यांच्या हाताची ख्याती अशी होती, की बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतली पोटं त्यांच्या दवाखान्यापुढे रांग लावायची. माणसं आपली त्या पोटांसोबत आलेली असायची. डॉक्टर पोटावर पंजा ठेवत, डोळे मिटत, घटकाभर गप्प राहत आणि मग सांगत, "पानथरी वाढली गा तुयी." आणि ती प्लीहा वाढलेलीच निघे. कोणाच्या लिव्हरमध्ये पू झाला असला, तर फासळ्यांमधली नेमकी दुखरी जागा ते बोटाने हुडकत, तिथेच सुई घालत आणि पू ओढून घेत. आत डोकावून पाहायची सोय नव्हती, सगळा कारभार बोटाच्या भरवशावर. नागपूरचे मोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे, "गावंडे म्हणत असतील तर असेलच."

अशा माणसाला पन्नाशीत नवं काही शिकवणं म्हणजे जून खोड वाकवायला घेणं. पण शहाऐंशी साली मृगाचा बहार चांगला गेला आणि काटोलच्या संत्रा व्यापाऱ्यांच्या मनात आलं, की गावाला सोनोग्राफीचं यंत्र हवं. नागपुरात नुकतीच अशी यंत्रं आली होती. पोटावर तेल लावायचं, त्यावर साबणाच्या वडीएवढा प्रोब फिरवायचा, की आतलं सगळं टीव्हीसारखं स्क्रीनवर दिसतं, अशी त्याची कीर्ती होती. यंत्र घ्यायचं ठरलं, कुठे ठेवायचं तेही ठरलं, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावरून एक भांडणही झालं, आणि मग कोणाला तरी आठवलं, की ते चालवणार कोण? सगळ्यांनी चंद्रभानांकडे पाहिलं.

"मले काय करायचं आहे ते?" चंद्रभान म्हणाले. "माया हात आहे ना."

पण गाव ऐकेना. शेवटी महिनाभर दवाखाना दिवसाचा बंद ठेवून ते पहिल्या गाडीने नागपूरला जाऊ लागले. धंतोलीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात डॉ. सत्यवती रामटेके बाहेरगावच्या डॉक्टरांना हे यंत्र शिकवत असत.

रामटेके मॅडम चंद्रभानांपेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. नागपूरच्याच इंदोऱ्यात वाढलेल्या, वडील गिरणीत होते. छप्पन साली दीक्षाभूमीवर त्या आईच्या कडेवर नव्हत्या, चांगल्या मोठ्या, आईचं बोट धरून उभ्या होत्या, आणि तिथल्या गर्दीत आपण हरवलो नाही याचा अभिमान त्यांना अजून होता. मुंबईला जाऊन हे काम शिकल्या आणि तिथे मान, पैसा सगळं मिळत असताना परत आल्या. कानाला लहानशा कुड्या, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि बोलणं असं की समोरचा डॉक्टर असला तर पुस्तकी मराठी, रोगी असला तर थेट वऱ्हाडी. चंद्रभानांना पहिल्या दिवशी जरा जडच गेलं. आपल्याहून धाकटी बाई, आणि तिच्यापुढे वही घेऊन बसायचं! ते वही घेऊन गेलेच नाहीत.

त्यांच्यासोबत आणखी दोघे होते, एक कन्हानचे आणि एक खापरखेड्याचे. मॅडमनी तिघांना पाहिलं, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "शर्ट वर करा आणि एकेकाने टेबलावर झोपा."

"आम्ही?" कन्हानचे डॉक्टर म्हणाले.

"मग काय मी?"

वयाचा मान म्हणून पहिला नंबर चंद्रभानांचा लागला. त्यांच्या पोटावर बाटलीतून तेलाची धार पडली आणि काटोलचे नामांकित डॉक्टर "अगं आई!" म्हणून उठून बसले. मार्च उजाडला नव्हता, खोलीत गारवा होता, तेल तर बर्फच.

"गार लागलं ना?" मॅडम म्हणाल्या. "आता आयुष्यभर विसरणार नाही तुम्ही."

आणि खरंच, त्या खोलीत तेलाची बाटली नेहमी कोमट पाण्याच्या पातेल्यात बसलेली असे. त्या दिवसापुरती ती मुद्दाम बाहेर काढून ठेवली होती. चंद्रभानांच्या ते संध्याकाळी परतीच्या गाडीत लक्षात आलं, आणि ते एकटेच हसले. दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले.

बाई शिकवायची म्हणजे काय शिकवायची! नुसतं पाहत बसावं. खेड्यातल्या बाईला "श्वास घ्या" म्हटलं की ती काय करते? पोट आत ओढून घेते. अंग चोरायची सवय. पोट आत गेलं की लिव्हर वर फासळ्यांच्या आड दडून बसतं आणि शिकाऊ डॉक्टर स्क्रीनवर अंधार पाहत बसतो. मॅडम "श्वास घ्या" असं कधी म्हणतच नसत. त्या म्हणत, "चूल विझून राहिली असली म्हणजे फुंकणी तोंडाले लावाच्या आधी कसा श्वास भरतं वं तू? तसा भर. अन् फुंकू नको, धरून ठेव." की बाई छाती-पोट भरून श्वास घेई, पडद्यामागून माणूस बाहेर यावा तसं लिव्हर खाली सरकत येई, आणि स्क्रीनवर सगळं लख्ख दिसे. ही युक्ती कोणत्या पुस्तकात नाही. मॅडमनी ती आपल्या आईला चुलीपुढे बसलेली पाहून काढली होती, आणि हे सांगताना त्यांना मुंबईच्या शिक्षणाइतकाच त्याचा अभिमान वाटे.

दुसरा त्यांचा कायदा घुमटाचा. लिव्हरचा वरचा भाग घुमटासारखा असतो, आणि तो फासळ्यांच्या आत, छातीच्या अगदी तळाशी लपलेला असतो. तिथे हात पोचत नाही. "घुमट पाहिल्याशिवाय 'काही नाही' म्हणायचं नाही," मॅडम म्हणत. "'काही नाही' हे वाक्य डॉक्टरच्या तोंडात फार सोपं असतं."

आता चंद्रभानांची अडचण सांगायला हवी. प्रोब हातात आला की त्यांचे डोळे आपोआप मिटत. तीस वर्षांची सवय, जित्याची खोड. बोटं पोट दाबायला लागत, आणि स्क्रीनकडे पाहणारं कोणी उरत नसे. मॅडम हसून म्हणत, "डॉक्टरसाहेब, डोळे उघडा. सिनेमाचं तिकीट काढून झोपल्यासारखं आहे हे." शेवटी त्यांनी चंद्रभानांच्या हातातून प्रोबच काढून घेतला. "तुमचा हात हुशार आहे, त्याला जरा सुट्टी देऊ. प्रोब दुसरा धरेल. तुम्ही फक्त स्क्रीनकडे पाहायचं आणि तोंडाने सांगायचं, कुठे सरकवू, कुठे वळवू." या खेळात चंद्रभान तिघांत सगळ्यात कच्चे निघाले. हात बांधून ठेवलेला सुतार जसा लाकडाकडे बघेल, तसे ते स्क्रीनकडे बघत. पण मॅडम चिडत नसत. चूक झाली की म्हणत, "पुन्हा." बस, एवढंच. त्या "पुन्हा"त कुठे काटा नसे, आणि म्हणून माणूस खरोखर पुन्हा करी.

तिसऱ्या आठवड्यात रामटेककडचा एक शेतकरी आला. कितीतरी दिवसांचा ताप, अंग वाळलेलं, आणि पोट दाबून पाहिलं तर हाताला काही लागत नव्हतं. मॅडमनी घुमट दाखवला, आणि तिथे काळसर गोल दिसत होता. पू. चंद्रभान बघतच राहिले. त्या काळ्या गोलावरून त्यांचं मन एकदम काटोलला गेलं. घरी त्यांच्या धाकट्या भावाची, रुपरावची बायको गोपिका तापाने पडली होती. वाळून काटकी झाली होती. आणि चंद्रभानांनीच सांगितलं होतं, की तिच्या पोटात काही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा नामांकित हात, घरात रोगी, आणि कळलं नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चंद्रभान गोपिकेचे भासरे, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. गावंड्यांच्या घरात भासऱ्यापुढे धाकट्याच्या बायकोने तोंड उघडायचं नाही. डोक्यावरचा पदर खाली घ्यायचा, वाट सोडून उभं राहायचं, त्याच्या अंगाचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. आणि भासऱ्यानेही तिच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचं तर तिसऱ्याच्या तोंडून. गोपिकेची पोरं शाळेत जायला लागली होती, पण चंद्रभानांनी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता आणि तिचा आवाज ओळखू आला नसता. त्यांची आई प्रयागबाई अजून धडधाकट होती, आणि तिच्या राज्यात या कायद्याला पळवाट नव्हती. खरं सांगायचं तर चंद्रभानांनी ती कधी शोधलीही नव्हती. साऱ्या तालुक्याच्या लेकीसुनांची पोटं तपासणारा हा माणूस घरच्या उंबरठ्यावर आला की डॉक्टर उरत नसे, भासरा होई.

मग गोपिकेला तपासलं कसं? तर चंद्रभान दाराबाहेर पाठ करून उभे राहिले, आणि त्यांच्या बायकोने, अंजनाबाईंनी, आत जाऊन पोट दाबलं.

"उजवीकडे फासळीखाली दाब. कडक लागते का?"

"नाही जी. मऊ आहे."

"दुखते का म्हणा तिले."

"नाही म्हणते."

"मग पोटात काही नाही," डॉक्टरांनी निकाल दिला, आणि टायफॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. ताप थोडा उतरला, पुन्हा चढला. बाहेरच्या डॉक्टरकडे न्यायची गोष्ट कोणी काढली नाही. घरात डॉक्टर चंद्रभान गावंडे असताना बाहेर जायचं, म्हणजे लोक काय म्हणतील!

त्या संध्याकाळी चंद्रभान घरी आले ते थेट आईपुढे जाऊन उभे राहिले. "उद्या गोपिकेले नागपूरले न्यायचं आहे. अंजना सोबत येईन." प्रयागबाईने सुपारी कातरता कातरता वर पाहिलं. मुलाच्या चेहऱ्यावर काही तरी होतं. ती नाही म्हणाली नाही.

सकाळच्या गाडीत बायका पुढे, चंद्रभान मागे. खड्डा आला की पुढच्या बाकावरून एक बारीक कण्हणं ऐकू येई आणि लगेच दाबलं जाई. ते ऐकताना डॉक्टरांना वाटे, उठावं, जवळ जाऊन विचारावं. ते उठले नाहीत. गाडीत काटोलची माणसं होती.

दवाखान्यात मॅडमनी गोपिकेला टेबलावर घेतलं. मधे पडदा ओढला. पलीकडे मॅडम, गोपिका आणि अंजनाबाई. अलीकडे एका स्टुलावर चंद्रभान, भिंतीकडे तोंड करून.

"नाव काय वं तुयं?" मॅडमनी विचारलं.

"गोपिका जी," अंजनाबाईंनी सांगितलं.

"कुठं दुखते?"

"ताप आहे जी तिले. पोटात काही नाही," पुन्हा अंजनाबाई.

मॅडमनी बाटली उचलली. कोमट तेल लावलं, प्रोब ठेवला. अलीकडे चंद्रभानांना यंत्राची बारीक घरघर ऐकू येत होती. थोड्या वेळाने मॅडमचा आवाज आला, "भर वं श्वास. चूल फुंकाच्या आधी भरतं तसा." मग पुन्हा, "भर ना बाई. याहून मोठा." मग कुजबुज, आणि मॅडम पडदा सारून अलीकडे आल्या.

"लिव्हरचा खालचा भाग साफ आहे," त्या म्हणाल्या. "घुमट दिसत नाही. ती श्वासच भरत नाही."

"काहून?"

"मी विचारलं. म्हणते, भासरे आहेत ना तिकडे."

चंद्रभान उठलेच. "मी बाहेर जातो, मॅडम. चौकात जाऊन बसतो."

"चौकात गेलात तरी तिच्या मनातून कुठे जाणार आहात?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आणि समजा आज काही निघालं, तर पुढे कितीतरी दिवस तिला काटोललाच औषधपाणी करायचं आहे. ते कोण करणार? अंजनाबाईंच्या तोंडून?"

चंद्रभान दाराशी जाऊन परत आले. घुमटात पू असला आणि तो वरच्या बाजूने छातीत फुटला, तर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं होतं. तशा दोन माणसांच्या बाबतीत त्यांच्या हातालाही यश आलं नव्हतं. तिथे वाट पाहायला सवड नसते. हे त्यांना कळत होतं आणि तोंडात जीभ उचलत नव्हती.

मॅडमनी मग जे केलं ते त्यांनाच सुचू शकतं. त्यांनी यंत्राची गाडी फिरवली, आणि स्क्रीन पडद्याच्या अलीकडे, चंद्रभानांच्या पुढ्यात आणून ठेवला. "आज मी नुसता हात," त्या म्हणाल्या. "डोळे तुमचे. आणि आवाजही तुमचाच लागेल. तिने तुमच्या धाकाने श्वास धरला आहे, डॉक्टरसाहेब. तो दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने मोकळा होणार नाही." आणि त्या पडद्यापलीकडे निघून गेल्या.

स्क्रीनवर करडं धुकं हललं. लिव्हरची खालची कड दिसली. त्याच्यावर फासळ्यांच्या सावल्या, आणि त्यांच्या आड काहीच नाही. चंद्रभान पाहत राहिले. ज्या बाईकडे मान वर करून पाहायचं नाही, तिचं काळीजच पुढ्यात उघडं करून ठेवलं होतं, आणि त्यात कसली मर्यादा मोडत होती ते त्यांना सापडेना. त्यांनी घसा खाकरला.

"गोपिका," ते म्हणाले.

पलीकडे बांगड्या वाजत होत्या त्या थांबल्या. अंजनाबाईंनी "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"मी बोलून राहिलो. चंद्रभान." ते स्क्रीनकडे पाहत म्हणाले. "पाह्य बेटा, इथं मी तुया भासरा नाही. डॉक्टर आहो. तुया चेहरा मले दिसत नाही, टीव्हीत नुसतं लिव्हर दिसून राहिलं. तेवढंच मले पाहायचं आहे. भर श्वास. चुलीपुढं भरतं तसा, मोठा. दुखन थोडं. भर."

काही झालं नाही. मग करडं धुकं हललं. हळूहळू, अडखळत, फासळ्यांच्या सावल्यांतून लिव्हर खाली सरकायला लागलं.

"शाब्बास. धर. सोड आता. पुन्हा भर, याहून मोठा."

एकदा भर, एकदा सोड, असं करत घुमट उतरत आला. चंद्रभानांचे डोळे टक्क उघडे होते. "मॅडम, वर. अजून वर. नाही, मागं घ्या, बगलेकडे. फासळीच्या फटीत. आता प्रोबचं तोंड वर करा." मॅडमचा हात त्यांच्या शब्दाबरोबर सरकत होता. "थोडं तिरपं. थोडंसंच. थांबा! तिथंच थांबा!"

घुमटाच्या अगदी माथ्याला, छातीला चिकटून, मोठ्या संत्र्याएवढा काळा गोल होता.

मॅडमनी प्रोब तसाच धरून पडद्याच्या कडेने मान बाहेर काढली. एकच क्षण पाहिलं. "आता तुम्ही पाहायला शिकलात," त्या म्हणाल्या, आणि लगेच सुईची तयारी सांगितली. आजच पू काढायला हवा होता. मग थांबून म्हणाल्या, "पण सुईआधी रोग्याला विचारायचं राहिलं ना. विचारा तिला, कुठे दुखतं."

चंद्रभान पडद्याकडे वळले. "गोपिका, कुठं दुखते तुले?"

भासऱ्याला हाक काय मारायची हेच तिला ठाऊक नव्हतं. कधी वेळ आली नव्हती. शेवटी तिची पोरं त्यांना मारतात तीच हाक तिने मारली. आवाज अगदी बारीक, पण स्वच्छ होता.

"खांद्यात जी, मोठे बाबा. उजव्या."

"कधीपासून?"

"ताप आला तईपासून. जाऊबाईले सांगतलं होतं मी."

चंद्रभानांचा हात आपल्याच उजव्या खांद्यावर गेला. घुमटाला पू झाला की दुखणं उजव्या खांद्यात उमटतं, हे कोणत्याही डॉक्टरला झोपेत विचारलं तरी सांगेल. ताप आणि खांदा, एवढं ऐकलं असतं तर त्यांना यंत्राची गरज नव्हती, नागपूरची गरज नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांचं बोट नेमक्या फासळीवर जाऊन थांबलं असतं.

"सांगतलं होतं तिनं," अंजनाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "मले वाटलं, संत्र्याचे टोपले उचलून दुखून राहिला असन. तुमी पोटाचं विचारून राहिले होते जी. खांद्याचं तुमाले काय सांगाचं?"

चंद्रभान बायकोवर चिडले नाहीत. चिडायला तोंड कुठे होतं? दाराकडे पाठ करून कोण उभं होतं? रोग्याचं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आणि वर आपल्या हाताच्या बढाया मारायच्या. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मॅडमनी तिकडे पाहिलंच नाही. त्या सुया मांडत होत्या, आणि त्यांचं ते न पाहणं चंद्रभानांना फार मोठं वाटलं.

"सुई मी घालू शकते," मांडून झाल्यावर मॅडम म्हणाल्या. "पण फासळीतून सुई घालणारा तुमच्यासारखा हात मी पाहिलेला नाही, नुसता ऐकला आहे. मी प्रोब धरते. या वेळी तुम्हाला तुमची सुई आत जाताना दिसेल." मग गोपिकेला विचारलं, "काय वं, यायनं सुई टाकली तर चालते का तुले?"

"टाका म्हणा त्यायले," गोपिका म्हणाली.

"मी नाही म्हणत. तूच म्हण."

पदर तोंडावर ओढल्याचा आवाज आला. मग, पदराआडून, "टाका, मोठे बाबा."

पडदा बाजूला झाला. चंद्रभानांनी हात धुतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते गोपिकेजवळ जाऊन उभे राहिले. तिची फासळी न् फासळी मोजता येत होती. जागा बधिर केली. बोट फटीवर ठेवलं. ते बोट जागा ओळखत होतं, आणि या खेपेला डोळेही उघडे होते. "भर श्वास," ते म्हणाले. "धर. हलू नको." सुई आत शिरली. स्क्रीनवर एक चकचकीत टोक करड्यातून काळ्याकडे निघालं, काठाशी टेकलं, आणि आत गेलं. चंद्रभानांनी सिरिंजचा दट्ट्या ओढला. विटकरी, दाट पू भसकन आला.

"आला!" काटोलचे डॉक्टर पोरासारखे ओरडले. "मॅडम, आला! पहा, गोल लहान होऊन राहिला, पहा!"

तीस वर्षं त्यांच्या बोटांनी अंधारात केलेलं काम त्यांना आज दिसत होतं. एक सिरिंज भरली, दुसरी लावली. डोळ्यांत पाणी येऊन स्क्रीन धूसर झाला तरी ते पाहतच होते. मॅडम मात्र स्क्रीनकडे पाहत नव्हत्या. त्या गोपिकेकडे पाहत होत्या.

"डॉक्टरसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "तिला श्वास सोडायला सांगा. तुम्ही सांगेपर्यंत ती सोडणार नाही."

चंद्रभानांनी वळून पाहिलं. पदर घसरला होता. गोपिकेचे ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लालबुंद, डोळे त्यांच्यावर लागलेले, आणि छाती भरलेली ती तशीच.

"सोड!" ते घाबरून म्हणाले. "सोड, बेटा, सोड! काहून धरून राहिली एवढा वेळ? जीव गेला असता ना!"

तिने श्वास सोडला. थोडा वेळ नुसती धापा टाकत राहिली. मग पदराकडे हात न नेता, त्यांच्याकडे पाहतच म्हणाली,

"एवढ्या वर्षांत तुमी पहिल्यांदा मले काही सांगतलं, मोठे बाबा. मोडाचं कसं?"